दोन सृष्टींचा प्रवासी

अलेक्झांडर फॉन हंबोल्ट याचा जन्म १७६९ साली बर्लिन येथे एका सधन घराण्यात झाला. लहानपणी तो पाने, किडे, शिंपले गोळा करीत रानोमाळ हिंडे. मोठेपणी तो खाणींवरील अधिकारी झाला. पण मन रमेना. १७९६ साली आई निवर्तली. वाट्यास आलेली संपत्ती प्रवासासाठी वेचण्याचा निश्चय करून १७९९ साली त्याने वनस्पतिशास्त्रज्ञ बोंप्लां याच्यासह दक्षिण अमेरिका गाठली.

पुढल्या वर्षी हे दोघे होडीतून ओरिनोको नदीकाठच्या अरण्यात शिरले. तेथे वृक्षाला वृक्ष भिडलेला, त्यांवर वेलींचे जाळे! हवा इतकी दमट, की कष्टाने जमविलेल्या वनस्पती कुजून जात. डासांनी जीव नकोसा केला. रात्री जाग्वार डरकाळ्या फोडी आणि झाडांवरची माकडे किंचाळून उठत. मग झोप कसली!

१८०२ साली चिंबोराझो पर्वतावर सुमारे १९,००० फुटांपर्यंत चढून गेल्यावर हंबोल्ट पेरूच्या किनाऱ्यावर उतरला. समोर ओसाड वाळवंट पसरले होते. हाही प्रदेश उष्ण कटिबंधातलाच. शेजारी अथांग सागर, आकाशात धुके. तरीही पाऊस जवळजवळ नाही! वाळूत झाड दिसेना. समुद्रात मात्र माशांची रेलचेल, आणि त्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेचे बेटांवर थरच्या थर साचलेले.

हे असे का व्हावे? हंबोल्टने समुद्रात तापमापक बुडविला. पाणी हवेहून पुष्कळच थंड निघाले! दक्षिणेकडून येणारा हा शीत प्रवाह लगतची हवा गार करतो. गार हवा जड असल्यामुळे वर चढत नाही. तिचे धुके होते, पाऊस होत नाही. पूर्वेकडून येणारे बाष्प तर अँडीज पर्वतापलीकडेच अडते. या प्रवाहाच्या काठाशी खोल पाणी वर येते व माशांना विपुल खाद्य मिळते, हे पुढील संशोधकांनी उलगडले.

१८०४ साली तो युरोपात परतला. १८१७ साली त्याने सारख्या तापमानाची स्थळे जोडणाऱ्या रेषांचा नकाशा प्रसिद्ध केला. हिमालय पाहण्याची त्याची फार इच्छा होती. परंतु ईस्ट इंडिया कंपनीकडून परवानगी मिळाली नाही. १८५९ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

पेरूच्या त्या प्रवाहाला लोक हंबोल्टचे नाव देऊ लागले, तेव्हा त्याला ते रुचले नाही. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना तो प्रवाह कितीतरी आधीपासून ठाऊक होता. आपण केवळ त्याचे तापमान मोजले, असे त्याचे म्हणणे होते. नाव मात्र तेच रूढ झाले.