रामानुजन यांचा ताप आणि १७२९

ताप, रात्रीचा घाम, घटत जाणारे वजन. सरकारी रुग्णालयात असा रुग्ण समोर आला की आम्हा डॉक्टरांना पहिला संशय क्षयाचा येतो. तो यायलाच हवा. पण तपास तिथेच थांबला तर काय घडू शकते, याची आठवण श्रीनिवास रामानुजन यांचे आयुष्य करून देते.

२२ डिसेंबर १८८७ रोजी आजच्या तमिळनाडूतील इरोड येथे त्यांचा जन्म झाला. बालपण कुंभकोणमला गेले. दोन वर्षांचे असताना देवी आल्या, त्यातून ते वाचले. पुढे गणिताच्या नादात इतर विषयांत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०६ मध्ये मद्रासला शिकत असताना आमांशाने गाठले आणि त्यांना घरी परतावे लागले. हा आमांश लक्षात ठेवा.

१९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांची कारकुनी मिळाली. पुढच्या वर्षी त्यांनी केंब्रिजच्या प्रा. हार्डी यांना आपली सूत्रे पाठवली आणि १९१४ मध्ये ते इंग्लंडला पोहोचले. लगेच महायुद्ध सुरू झाले. त्यात कडक शाकाहार, स्वतःच करायचा स्वयंपाक आणि थंडी. १९१७ मध्ये ते आजारी पडले. मुख्य निदान क्षयाचे झाले आणि एका आरोग्यधामातून दुसऱ्यात त्यांची रवानगी होत राहिली.

लंडनमधील पटनी येथे ते उपचार घेत असताना हार्डी भेटायला आले. आपल्या टॅक्सीचा १७२९ हा क्रमांक अगदीच नीरस असल्याचे त्यांनी सांगितले. रामानुजन यांनी ते मान्य केले नाही. दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगळ्या प्रकारे मांडता येणारी ही सर्वांत लहान संख्या आहे, हे त्यांनी तिथल्या तिथे सांगितले. १ व १२ यांच्या घनांची बेरीज १७२९. ९ व १० यांच्या घनांचीही तेवढीच.

यात चमत्कार नव्हता. दोन घनांची बेरीज कधीच पूर्ण घन होत नाही. पण अवघ्या १ ने हुकणाऱ्या संख्या त्यांच्या कागदांत आढळतात. १३५ व १३८ यांच्या घनांची बेरीज १७२ च्या घनापेक्षा १ ने कमी भरते. अशा संख्यांशी त्यांची जुनी ओळख होती. १७२९ च्या अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे पुन्हा १७२९. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना आपल्या देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी हर्षद हे नाव दिले.

१९१८ मध्ये रामानुजन रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९१९ मध्ये मायदेशी परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासला गेले. वय अवघे ३२.

१९९४ मध्ये डॉ. यंग यांनी जुन्या नोंदी तपासून वेगळे मत मांडले. हा आजार बहुधा यकृतातील अमिबाचा संसर्ग असावा. आमांशाचा अमिबा आतड्यातून यकृतात जाऊन वर्षांनंतरही डोके वर काढू शकतो. हे मत आता सिद्ध करता येणार नाही. पण ते खरे असेल तर औषध उपलब्ध होते: १९१२ मध्येच कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी त्यावर एमेटिनची इंजेक्शने वापरली होती. आज सोनोग्राफीत यकृतातला गळू दिसतो आणि मेट्रोनिडाझोलने बहुतेक रुग्ण बरे होतात.

म्हणून ताप हटत नसेल तर डॉक्टरांना जुनी दुखणीही सांगा. दहा वर्षांपूर्वीचा आमांशसुद्धा. आणि आम्ही डॉक्टरांनी ती आवर्जून विचारावीत.