अल जझरी : खुंट्यांवर ठेका बसविणारा कारागीर

बिदरला महमूद गवानाचा मदरसा पाहावयास गेले की प्रथम दृष्टी जाते ती त्याच्या उरलेल्या एकुलत्या मिनाराकडे आणि झिलई दिलेल्या रंगीत फरशांकडे. गवान हा इराणातील गिलान प्रांताचा. व्यापारी म्हणून तो बिदरला आला, पुढे बहामनी राज्याचा वजीर झाला, आणि १४७२ साली त्याने ही तीन मजली पाठशाळा उभारली. सुमारे तीन हजार ग्रंथ तेथे होते असे सांगतात. इराण-इराकाकडील गणित, ज्योतिष आणि यंत्रविद्या ज्या वाटेने दक्षिणेत आली, त्या वाटेवरील हे एक मोठे ठाणे होय. बिदरजवळ नौबादला जमिनीखालून पाणी वाहून आणणारी सुरंगबावडी आहे. तीही त्याच वाटेने आलेल्या विद्येची खूण आहे.

हे सारे आठवावयास एक लहानसे निमित्त झाले. गेल्या उन्हाळ्यात भालकीकडील एका शाळेत सुट्टीच्या वर्गासाठी मी गाणे शिकवावयास गेलो होतो. शेजारच्या खोलीत मुले यंत्रमानव तयार करीत होती. पुठ्ठ्याचे अंग, दोन लहान मोटारी, हातांना दोन काड्या आणि समोर पत्र्याचे दोन डबे. कोणत्या क्षणी कोणता हात खाली यावा याची आज्ञावली, जिला मुले प्रोग्रॅम म्हणतात, ती त्यांनी संगणकावर लिहिली होती. त्यांनी मला केरव्याचे बोल विचारले. मी आठ मात्रा मोजून दिल्या. यंत्र वाजू लागले, परंतु पाचव्या मात्रेवर, ऐन खालीच्या जागी, डावा हात डग्ग्यावर पडला. एका मुलीने आज्ञावलीतील एक आकडा खोडला आणि केरवा सरळ झाला. मग तिने मला विचारले की, असे वाजविणारे यंत्र पूर्वी कोणी केले होते काय. त्या वेळी मी गप्प राहिलो. आज उत्तर देतो.

ते उत्तर शोधण्यासाठी गवानाच्याही तीनशे वर्षे मागे, तैग्रिस नदीच्या काठी जावे लागते. हल्ली तुर्कस्तानात असलेल्या दियारबकर शहरी तेव्हा अर्तुकी घराण्याचे राज्य होते. लहानसे संस्थानच ते. पण दरबाराला कलेची हौस मोठी. ११७४ च्या सुमारास तेथे एक कारागीर चाकरीस राहिला. त्याचे नाव इस्माईल, किताब बदीउज्जमान, म्हणजे त्या युगातील अपूर्व पुरुष. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांमधील प्रदेशाला अरबीत अल जझीरा म्हणतात. त्यावरून तो अल जझरी म्हणून प्रसिद्ध झाला. आधी पिता, मग त्याचा एक पुत्र आणि शेवटी दुसरा पुत्र नासिरुद्दीन महमूद अशा तीन राजांची त्याने सेवा केली. सत्तापालट झाले, पण याच्या हातातील हातोडी व करवत थांबली नाही.

त्याचे मुख्य बळ पाणी. वीज नाही, वाफ नाही; वरच्या हौदातून थेंबाथेंबाने उतरणारे पाणी, तरंगणारा भोपळा, दोरी, चाक आणि तरफ एवढ्यावर त्याने सारे उभे केले. त्याचे हत्तीचे घड्याळ पाहा. हत्तीच्या पोटात पाण्याचे टाके आणि त्यावर तळाला भोक असलेली वाटी. आपल्या लग्नघरी मुहूर्तासाठी घंगाळात सोडतात ते घटिकापात्रच हे! अर्ध्या तासाने वाटी बुडे, तिच्या ओढीने वरच्या मनोऱ्यातून गोळी सुटे, ती ससाण्याच्या चोचीतून सापाच्या तोंडात पडे, साप भाराने खाली झुके, आणि झुकता झुकता बुडालेली वाटी पुन्हा वर खेचून घेई. गोळी खालच्या भांड्यात पडली की महात हात उचलून ठोका देई. हत्ती हिंदुस्थानचा आणि वाटीची युक्तीही हिंदुस्थानची. साप चिनी थाटाचे. चांगली विद्या जेथून मिळेल तेथून त्याने घेतली.

परंतु भालकीच्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्याच्या नावेत आहे. राजाच्या मेजवानीच्या वेळी तलावात सोडण्यासाठी त्याने एक नाव केली. तिच्यात वादकांच्या चार पुतळ्या बसविल्या, त्यांत दोघी तालवाद्ये वाजविणाऱ्या. पुतळ्यांमागे आडवा रूळ, रुळावर खुंट्या. पाण्याच्या जोराने रूळ फिरे, खुंटी तरफेला लागे, तरफ पुतळीचा हात उचली आणि थाप पडे. तबलजीला हे समजावयास वेळ लागणार नाही. रुळाचा एक फेरा म्हणजे एक आवर्तन, खुंटी म्हणजे बोल आणि मोकळी जागा म्हणजे विश्रांती. खुंटी हलवावी की ठेका बदलतो. इंग्लंडातील शेफील्डचे प्राध्यापक नोएल शार्की यांनी अलीकडे अशी प्रतिकृती करून, खुंट्यांच्या जागा बदलल्याने ताल कसा पालटतो ते दाखविले आहे. त्या मुलीने खोडलेला आकडा आणि अल जझरीच्या रुळावरून उपटलेली खुंटी, या दोहोंचे काम एकच. यंत्र तेच राहावे आणि त्याला सांगावयाचे तेवढे बदलावे, हे आज्ञावलीचे मर्म येथे आठशे वर्षांपूर्वी दिसते.

या मार्गावरील तो पहिला मात्र नव्हता. नवव्या शतकात बगदादला बनू मूसा या तिघा भावांनी खुंट्यांच्या रुळावर चालणाऱ्या बासरीचे वर्णन केलेले होते. अल जझरी पूर्वसूरींचे ऋण मानतो. पण जुन्या ग्रंथांतील पुष्कळ यंत्रे त्यांच्या कर्त्यांनी स्वतः करून पाहिलेली नाहीत, हेही तो जाणून होता. आपल्या हाताने घडवून पारखलेले तेच सांगावयाचे, हा त्याचा बाणा.

पंचवीस वर्षे चाकरी झाल्यावर नासिरुद्दीनाने त्याला आज्ञा केली की, तुझी यंत्रे तुझ्याबरोबर नाहीशी होऊ नयेत म्हणून ग्रंथ लिही. १२०६ साली तो ग्रंथ पुरा झाला. त्यात सहा भागांत पन्नास यंत्रे आहेत: घड्याळे, मेजवानीची पात्रे, हात धुण्याची व रक्त मोजण्याची भांडी, कारंजी, पाणी उपसण्याची साधने आणि शेवटी राजवाड्याचा पितळी दरवाजा व चार चकत्यांचे कुलूप अशा संकीर्ण वस्तू. दोन नळ्यांनी आळीपाळीने पाणी ओढणारा पंपही त्यात आहे.

त्याहून मोलाची गोष्ट ही की, हा ग्रंथ शिकविण्यासाठी लिहिलेला आहे. प्रत्येक भागाची मापे, चित्रे, कोणता तुकडा आधी जोडावा आणि कोणता मागून, हे सारे त्यात आहे. लाकूड वाकू नये म्हणून थरावर थर चिकटवावेत, धातू वाळूच्या साच्यात ओतावा, पाण्याचे भोक पुन्हा पुन्हा पारखून घ्यावे, आणि कठीण आकाराचा आधी कागदी नमुना करावा, असे तो समजावून सांगतो. हातातली खुबी त्याने कागदावर उतरविली.

दरबारी कलेच्या घरात वाढलेल्या माणसाला याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. माझे वडील तरुणपणी दरबारात गात. काही चिजा त्यांनी कोणालाच दिल्या नाहीत. त्या त्यांच्याबरोबर गेल्या. त्यांना मी दोष देत नाही. विद्या हीच ज्याची जहागीर, तो ती मुठीत धरणारच. अल जझरीलाही मूठ मिटून ठेवता आली असती. राजाला हत्ती हवा होता, हत्तीचे पोट उघडे करण्याची गरज नव्हती. त्याने ते उघडे केले, आणि त्याच साली, १२०६ मध्ये, तो वारला असे मानतात. ग्रंथ चार वर्षे लांबणीवर पडता तर आज हत्ती नाही, नाव नाही. १९७४ साली डोनाल्ड हिल या अभियंत्याने ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले, आणि ती यंत्रे नव्याने करून पाहणाऱ्यांना वाट मोकळी झाली.

१९६७ साली अमेरिकेत सेमोर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो नावाची संगणकभाषा केली. तिच्या आज्ञांनी पुढे जमिनीवर चालणारे यांत्रिक कासव मुले फिरवू लागली. आपली मुले आज जे करीत आहेत, ते या परंपरेतले आहे. घरी असा यंत्रमानव आला तर वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे: मोडेल म्हणून तो कपाटात ठेवू नये, मुलांना तो उघडू द्यावा, चुकू द्यावा, आणि काय केले ते वहीत मापांसकट लिहावयास लावावे.

भालकीच्या त्या मुलीला मी दादऱ्याच्या सहा मात्रा लिहून पाठविल्या आहेत. पुठ्ठ्याच्या हातांनी तो कसा वाजतो, ते ती कळविणार आहे.