परक्याचं लेकरू पाठीवर घेणारी माऊली

सावित्रीबाईंची जयंती आपल्या वस्तीत दरवर्षी होते. मुली भाषणं करतात. पहिली शाळा, अंगावर आलेलं शेण नि दगड, हे आपल्या लेकरांना तोंडपाठ आहे. पण बाईंचे शेवटचे दिवस कसे गेले, हे आपल्यात फार कमी सांगितलं जातं. ते सांगावं म्हणून हा लेख.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० साली जोतिरावांशी लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतिरावांनी त्यांना शिकवलं आणि १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. लोक खवळले. सासऱ्यांनी लोकलाजेपायी मुलाला नि सुनेला घराबाहेर काढलं. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहणं काय असतं, हे बाईंनी असं स्वतः अनुभवलं होतं.

पुढे त्यांचं स्वतःचं दार कधी बंद झालं नाही. फसवल्या गेलेल्या विधवा लाजेपायी जीव द्यायच्या किंवा पोटचं मूल मारून टाकायच्या. त्यांच्यासाठी १८६३ साली फुले दांपत्याने आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. १८८४ पर्यंत तिथे ३५ विधवांची बाळंतपणं झाली. त्या बायका बहुतेक ब्राह्मण घरच्या, म्हणजे ज्या समाजातले लोक बाईंना शिव्या देत होते त्याच समाजातल्या. बाईंनी जात बघितली नाही, सूड तर नाहीच नाही. त्यांतल्याच काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत १८७४ साली त्यांनी दत्तक घेतला. त्याला शिकवून डॉक्टर केलं.

१८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने ५२ ठिकाणी अन्नछत्रं चालवली. त्या काळात बाई जुन्नर भागात फिरून काम बघत होत्या. कोण कुठला, कुणाच्या जातीचा, हे विचारून भाकर द्यायची नाही, हा त्यांचा शिरस्ता.

आता त्यांचं म्हातारपण बघा. १८८८ साली जोतिरावांना अर्धांगवायू झाला. घरात पैशाची ओढाताण. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा बाईंनी स्वतः पुढे होऊन ते हातात घेतलं. पुढे सत्यशोधक समाजाची धुराही त्यांनीच उचलली. १८९५ साली सून वारली. दुसरी कुणी बाई असती तर म्हणाली असती, पुष्कळ केलं लोकांसाठी, आता पुरे.

आणि नेमका तेव्हा प्लेग आला. १८९६ साली मुंबईत सुरू झालेली साथ पुण्यात शिरली. जांघेत, काखेत गाठ यायची, ताप चढायचा आणि थोड्याच दिवसांत माणूस जायचा. उंदरांवरच्या पिसवांमुळे तो पसरतो, हे तेव्हा लोकांना ठाऊक नव्हतं. औषध नव्हतं. लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहात. आजाऱ्याजवळ सख्खी माणसंसुद्धा जायला भीत. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे, याच साथीत मुंबईत ९ फेब्रुवारी १८९७ ला गेले. म्हणजे प्लेग काय करतो हे बाईंना ऐकून नव्हे, आपली माणसं गमावून कळत होतं.

यशवंतराव तेव्हा लष्करात डॉक्टर होते. ते रजा घेऊन आले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर त्यांनी दवाखाना उघडला. बाईंचं वय ६६. त्या नुसत्या बघत बसल्या नाहीत. वस्त्या-वस्त्यांत जाऊन आजारी माणसं शोधायची आणि दवाखान्यात आणायची, हे काम त्यांनी अंगावर घेतलं.

एके दिवशी मुंढव्याच्या महारवाड्यात बाबाजी गायकवाडांचा पांडुरंग प्लेगने पडल्याचं त्यांना कळलं. त्याचं त्यांचं ना नातं, ना गोतं. बाईंनी पोराला पाठीवर घेतलं आणि माळावरच्या दवाखान्यात नेलं. ज्याची सावलीसुद्धा लोक टाळत, त्याचं तापाने फणफणलेलं अंग त्यांच्या पाठीला टेकलं होतं. शेवटी त्यांनाही प्लेगने गाठलं आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

माझ्या बुद्धीप्रमाणे यातून घ्यायचं ते एवढंच. आपण दान म्हणजे उरलेलं देणं समजतो. पगार झाला, घरात सगळं ठीक आहे, मन प्रसन्न आहे, मग दहा रुपये काढायचे. बाईंनी दिलं ते उरलेलं नव्हतं. नवरा गेलेला, सून गेलेली, अंगात बळ नाही, दाराशी मरण उभं, अशा दिवशी त्यांनी दिलं. तेही ओळखीच्याला नाही.

आपल्यावर प्लेगची पाळी नाही. पण आपला पेशंट वॉर्डात आहे, जीव टांगणीला लागलाय, खिशात जेमतेम गाडीभाडं आहे, आणि शेजारी गावाकडची एक म्हातारी हातात केसपेपर धरून कुठल्या खिडकीवर जायचं ते विचारतेय, अशी वेळ आपल्यावर येतेच. तेव्हा तोंडात येतं, मला माझंच पडलंय. खोटं नसतं ते. तरी दोन मिनिटं उठावं, तिला त्या खिडकीपर्यंत पोचवावं. त्याने आपलं दुःख वाढत नाही, तिचं मात्र कमी होतं.

आपल्या मुलींना बाईंची शाळा जरूर सांगा. पण मुंढव्याहून माळापर्यंतची ती वाटही सांगा. नुसत्या हारापेक्षा तेच बाईंना खरं अभिवादन होईल.