मुलांची मने जपणारे साने गुरुजी

साने गुरुजींना आपण 'श्यामची आई'चे लेखक म्हणून ओळखता. त्यांच्यातील शिक्षकाचीही ओळख करून घ्या.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. गरिबीमुळे शिक्षणासाठी घरापासून दूर, प्रसंगी अर्धपोटी राहावे लागले. १९१७ साली आई गेली. एकट्या पडलेल्या मुलाचे दुःख त्यांनी स्वतः भोगले होते.

१९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे वसतिगृहही त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर ते रागावत नसत. स्वतः झाडून काढीत, अंथरुणे आवरीत, कपडे धूत. मुले ओशाळत आणि आपोआप वळणावर येत. मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे दैनिक लिहीत. परक्या गावी आलेल्या मुलांना त्यांच्यात आई दिसे. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले.

परंतु इतरांचे अश्रू पुसणारे गुरुजी स्वतः निराशेने खचले. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपले जीवन संपविले. हे सांगताना जीव जड होतो, पण लपविणे योग्य नव्हे.

म्हणून पालकहो, मूल गप्प राहू लागले तर आधी गुणपत्रिका मागू नका. जवळ बसून विचारपूस करा. विद्यार्थ्यांनो, मनातले दुःख घरी किंवा शिक्षकांपाशी बोला. जरूर तर डॉक्टरांकडे जा. त्यात कमीपणा नाही. आणि आम्हा शिक्षकांचीही कधी विचारपूस करा.