मिरवणुकीतली ती स्टेप नेमकी कुणाची? भगवानदादांची गोष्ट

विसर्जनाची मिरवणूक नागपूरच्या धंतोलीतली असो की मुंबईच्या दादरमधली, एक स्टेप हमखास दिसते. कोपरं वाकवलेली, हात सैल, पाय जवळपास जागच्या जागी आणि खांदे-कंबर तालावर. शिकवणारा कुणी नसतो. पुढच्याचं बघून मागचा करतो आणि दोन मिनिटांत अख्खी रांग एका ठेक्यात येते.

ही स्टेप कुणाची म्हणून विचारा, बरेच जण अमिताभ बच्चनचं नाव घेतील. पण आपण ती कुणाकडून उचलली, हे खुद्द अमिताभनेच सांगून टाकलंय. ते नाव म्हणजे मास्टर भगवान, अर्थात आपले भगवानदादा.

भगवान पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा, आणि तोही नागपूरपासून दीडशे किलोमीटरवरच्या अमरावतीत. वडील गिरणी कामगार. शिक्षण जेमतेम, त्यामुळे पोरवयातच मुंबईत अंगमेहनतीची कामं करावी लागली. डोक्यात मात्र सिनेमाच होता. मूकपटांच्या अखेरच्या काळात छोट्या भूमिका मिळाल्या आणि १९३८ च्या ‘बहादुर किसान’पासून दिग्दर्शन सुरू झालं.

पुढची दहाएक वर्षं त्यांनी कमी पैशांतले मारधाडपट काढले. प्रेक्षक गिरणगावातला, कष्टकरी. याच काळातली एक वाईट गोष्टही त्यांच्या नावावर आहे. १९४२ च्या सुमारास ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात त्यांनी मारलेली थप्पड ललिता पवार यांना इतक्या जोरात बसली की त्यांचा डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका संपल्या आणि बाईंना खाष्ट सासू म्हणून नव्याने उभं राहावं लागलं.

आता येऊ नाचाकडे. त्यासाठी आधी सी. रामचंद्र यांना गाठावं लागतं. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शास्त्रीय संगीत शिकले होते. भगवानदादांच्या ‘वनमोहिनी’ या १९४१ च्या तमिळ सिनेमाला त्यांनी संगीत दिलं, पाठोपाठ हिंदीत ‘सुखी जीवन’ला. दोघांची जोडी जमली ती अशी.

तिकडे मुंबईत वेगळंच वारं वाहत होतं. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन कलाकाराचा बँड ताजमहाल हॉटेलात आला आणि शहराला जॅझची, स्विंगची गोडी लागली. हे संगीत गोव्याच्या वादकांनी आत्मसात केलं. त्यांच्यातला एक म्हणजे हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट. लुई आर्मस्ट्राँगच्या धाटणीने ट्रम्पेट वाजवणारा हा माणूस रात्री हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत असे. सी. रामचंद्रांनी त्याला सोबत घेतलं.

राज कपूरच्या सल्ल्यावरून भगवानदादांनी मारधाड सोडून सामाजिक सिनेमा काढायचं ठरवलं. तोच १९५१ चा ‘अलबेला’. नायिका गीता बाली, नायक स्वतः दादा. अंगाने पैलवानी, उंची बेताची, नाचाची तालीम कुठे घेतलेली नाही. गिरक्या नाहीत, उड्या नाहीत. थोडक्या हालचाली, पण ठेका चुकायचा नाही.

माझ्या मते हा नाच टिकला तो यामुळेच. बघणाऱ्याला वाटतं, हे तर मलाही जमेल. आणि जमतंही! शिकायचा असेल तर ‘शोला जो भडके’ लावा आणि आधी नुसते पाय बघा. ते फारसे हलतच नाहीत. वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं, बाकी सगळं गुडघ्यांत आणि खांद्यांत.

अमेरिकेत ‘शिम शॅम’ नावाचा असाच एक सामूहिक नाच आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस लेनर्ड रीड आणि विली ब्रायंट या कृष्णवर्णीय कलाकारांनी तो बसवला. जगभरातले स्विंग नाचणारे आजही एका रांगेत उभे राहून तो करतात आणि चांगला शिक्षक पावलांसोबत ही दोन नावंही शिकवतो. आपल्याकडे पावलं पोरांपर्यंत पोहोचली, नाव मागे राहिलं. आणि नाव घ्यायचंच तर ते एकट्या दादांचं घेऊन भागत नाही. चिक चॉकलेटचा ट्रम्पेट आणि ताजमध्ये आलेले ते परदेशी वादकही त्यात आले.

‘अलबेला’ने पैसा दिला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला एक अशा सात गाड्या, असं वर्णन केलं जातं. पण १९५३ चा ‘झमेला’ ती जादू दाखवू शकला नाही. स्वतः निर्माता असल्याने तोटाही स्वतःचाच. बंगला गेला, गाड्या गेल्या आणि दादा दादरच्या चाळीत परतले. पुढची कित्येक वर्षं ते किरकोळ भूमिका करत राहिले. अनेकदा काम एवढंच असे: गाण्यात यायचं, आपली ती स्टेप करायची आणि निघायचं. ४ फेब्रुवारी २००२ ला दादरच्या घरातच ते गेले.

त्या चाळीची एक आठवण सांगितली जाते. विसर्जनाची मिरवणूक दारासमोर आली की थांबायची. बँड ‘अलबेला’चं गाणं धरायचा. मग म्हातारे दादा बाहेर येत, कोपरं वाकवत आणि खांदे हलवत. त्यांचं झालं की मिरवणूक पुढे सरके.