शोएबुल्लाह खान : जोशात वाहून न गेलेला संपादक

शोएबुल्लाह खान यांचा जन्म 1920 चा. हैदराबाद संस्थानात ते उर्दू पत्रकार झाले. निजाम सरकारने 'रय्यत' बंद पाडल्यावर 1947 मध्ये त्यांनी 'इमरोज' दैनिक काढलं.

1948 मध्ये भारत सरकारने संस्थानाची आर्थिक कोंडी केली. औषधांचीही टंचाई झाली. अशा वेळी रझाकारांचे पुढारी कासिम रझवी यांच्या जोशिल्या भाषणांना गर्दी व्हायची. रझवी लातूरला वकिली करायचे. लातूर तेव्हा आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होतं.

शोएबुल्लाह मात्र लिहीत राहिले, की भारतात सामील व्हा, जनतेला जबाबदार असं सरकार आणा, रझाकारांचे जुलूम थांबवा. धमक्या आल्या तरी ते हटले नाहीत. ऑगस्ट 1948 मध्ये रात्री घरी परतताना त्यांना गाठून मारलं, हातही तोडला. वय अवघं 27.

महिन्याभरात पोलीस ॲक्शन झाली. नंतर सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानीच्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घेतलं. रझवी 1957 मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानला गेले. त्यांच्या भाषणांची किंमत इथल्या गोरगरीब मुसलमान घरांनी मोजली.

रझवींचं नाव आपल्या मुलांना ठाऊक असतं. शोएबुल्लाह यांचंही सांगायला हवं.