प्रशांतचंद्र महालनोबीस

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी गृहिणी सगळे पातेले रिकामे करीत नाही. दोन शिते बोटांनी चेपून पाहते आणि तिचा निर्णय सहसा चुकत नाही. परंतु ती शिते केवळ वरच्या थरातील असली आणि तळाचा भात करपलेला असला, तर मात्र फसगत होते. म्हणजे शिते थोडी असली तरी चालतात. ती कोठून व कशी घ्यावयाची, हे ठाऊक असावे लागते. घरातील हा साधा व्यवहार शास्त्राच्या पायावर उभा करून ज्यांनी कोट्यवधी लोकांच्या या देशातील अन्न, वस्त्र, पिके आणि उत्पन्न मोजण्याची रीत घालून दिली, ते थोर संख्याशास्त्रज्ञ म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबीस होत.

प्रशांतचंद्रांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कलकत्ता येथे झाला. त्यांचे आजोबा गुरुचरण हे ब्राह्म समाजाचे कार्यकर्ते होते. घरात विद्येचे आणि समाजसुधारणेचे वातावरण होते. प्रशांतचंद्रांचे शालेय शिक्षण ब्राह्म समाजाच्या शाळेत झाले. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. १९१२ साली भौतिकशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले.

त्यांचा विचार लंडन विद्यापीठात शिकण्याचा होता. एके दिवशी ते सहज केंब्रिज पाहावयास गेले. तेथील किंग्ज कॉलेजचे भव्य प्रार्थनामंदिर पाहून त्यांचे मन हरखून गेले. लंडनला परतण्याची शेवटची गाडी चुकली, म्हणून रात्री त्यांना एका मित्राकडे मुक्काम करावा लागला. मित्राच्या सल्ल्यावरून त्यांनी त्याच कॉलेजात प्रवेश मिळविला. केंब्रिजमध्ये असतानाच थोर गणिती रामानुजन यांच्याशी त्यांचा स्नेह जडला.

१९१५ साली परीक्षेत उत्तम यश मिळवून ते काही दिवसांसाठी मायदेशी यावयास निघाले. त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते. निघण्यापूर्वी त्यांच्या एका शिक्षकांनी ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे अंक त्यांना दाखविले. सजीवांची मोजमापे घेऊन त्यांवरून गणिताच्या साहाय्याने निष्कर्ष कसे काढावेत, याची चर्चा त्यात असे. प्रशांतचंद्रांनी तो सगळा संचच विकत घेतला आणि बोटीवर त्याचे वाचन आरंभिले. त्यांच्यापुढे एक नवेच शास्त्र उलगडत गेले. मायदेशी आल्यावर ते प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. मन मात्र संख्याशास्त्राकडे ओढ घेत होते.

या नव्या विद्येचा प्रत्यक्ष उपयोग करण्याची संधी त्यांना नागपूरने दिली. १९२० साली तेथे भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले होते. प्राणिशास्त्रज्ञ ॲनन्डेल यांनी कलकत्त्यातील २०० अँग्लो-इंडियन पुरुषांची शारीरिक मापे जमविली होती. ती तपासण्याचे काम त्यांनी प्रशांतचंद्रांना सुचविले. प्रशांतचंद्रांनी आरंभी उंचीच्या मापांचा अभ्यास हाती घेतला.

उंचीच्या मापांत एक मौज असते. पुष्कळ माणसांची उंची मोजून ती क्रमाने मांडली, तर बहुतेकांची उंची सरासरीच्या आसपास आढळते. सरासरीपासून दोन्ही बाजूंना जसजसे दूर जावे, तसतशी माणसांची संख्या कमी होत जाते. अतिशय उंच माणसे थोडी आणि अतिशय ठेंगणीही थोडी. हे कागदावर रेखाटले म्हणजे घंटेसारखी आकृती तयार होते. तिला प्रसामान्य वक्र म्हणतात. मापे सरासरीभोवती किती पसरली आहेत हे सांगणारे एक परिमाण असते. त्याला प्रमाण विचलन असे नाव आहे. सरासरीपासून एका प्रमाण विचलनाच्या आत शंभरांपैकी सुमारे ६८ मापे येतात आणि दोहोंच्या आत सुमारे ९५ येतात.

या वक्राचा आणखी एक गुण विशेष महत्त्वाचा आहे. मोठ्या समूहातून पुनःपुन्हा नमुने निवडले, तर त्या नमुन्यांच्या सरासरी तंतोतंत सारख्या येत नाहीत. परंतु नमुने पुरेसे मोठे असले, तर त्या सरासरीही खऱ्या आकड्याभोवती अशाच घंटेच्या आकारात गोळा होतात. त्यामुळे एकाच नमुन्यावरून काढलेल्या अंदाजात किती चूक संभवते, हेही सांगता येते. नमुना चौपट मोठा केला, तर ही संभाव्य चूक निम्म्यावर येते. मात्र नमुन्याची निवड निःपक्षपाती असली पाहिजे. समूहातील प्रत्येकाला निवडले जाण्याची संधी हवी. पाहणाऱ्याच्या आवडीनिवडीला तेथे स्थान नसावे. प्रशांतचंद्रांच्या पुढील सर्व कार्याचा हाच पाया होय.

आकड्यांकडे दुर्लक्ष केल्यास लोकांचा पैसा कसा व्यर्थ जातो, हे त्यांना लवकरच दिसून आले. १९२२ साली उत्तर बंगालमध्ये मोठा पूर आला. पुराचे पाणी अडविण्यासाठी खर्चाचे जलाशय बांधण्याचा विचार तज्ज्ञांनी चालविला होता. प्रशांतचंद्रांनी सुमारे ५० वर्षांच्या पावसाच्या नोंदी तपासल्या आणि अशा जलाशयांचा उपयोग होणार नाही, पाण्याचा निचरा त्वरेने होईल अशी व्यवस्था हवी, असे दाखवून दिले. १९२६ साली ओरिसातील ब्राह्मणी नदीला पूर आला. नदीचे पात्र सुमारे फूटभर वर आले आहे, म्हणून बांध उंच करावेत, असे अभियंत्यांचे मत होते. प्रशांतचंद्रांनी सुमारे ६० वर्षांच्या नोंदी पाहिल्या. पात्र वर आल्याचा पुरावा त्यांत नव्हता. वरच्या भागातील अतिवृष्टी हे पुराचे खरे कारण होते. तेव्हा वरच्या बाजूस धरणे बांधावीत, असा सल्ला त्यांनी दिला. पुढे महानदीवरील हिराकूड धरणाची योजना आखताना त्यांच्या आकडेमोडीचा उपयोग झाला.

आपल्या देशात संख्याशास्त्राचा अभ्यास रुजावा, म्हणून त्यांनी १९३१ साली भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली. प्रेसिडेन्सी कॉलेजातील त्यांच्या प्रयोगशाळेची खोली हेच संस्थेचे पहिले घर. पहिल्या वर्षाचा सगळा खर्च अवघा २३८ रुपये होता! १९३३ साली त्यांनी ‘संख्या’ हे नियतकालिक सुरू केले. याच काळात ते रवींद्रनाथ ठाकूर यांच्या निकटच्या सहवासात होते आणि विश्वभारतीच्या कारभाराची जबाबदारीही त्यांनी अनेक वर्षे वाहिली.

१९३७ पासून त्यांनी बंगालमध्ये नमुना पाहण्यांचा मोठा उपक्रम हाती घेतला. तागाचे पीक किती जमिनीवर आहे, हे पाहण्यासाठी साऱ्या प्रांतातील शेत न् शेत न मोजता त्यांनी निःपक्षपातीपणे निवडलेले थोडे भाग मोजले. प्रथम लहान पाहणी करावी, तीत आढळलेल्या अडचणी दूर कराव्यात आणि मगच मोठी पाहणी करावी, असा त्यांचा शिरस्ता होता. एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने घेऊन ते निरनिराळ्या माणसांकडून तपासून घ्यावयाचे, अशीही युक्ती त्यांनी योजिली. दोघांच्या उत्तरांत मोठा फरक पडला, की कोठेतरी हयगय झाली हे लगेच उघड होई.

पिकांप्रमाणेच माणसांच्या सवयीही त्यांनी मोजल्या. त्या काळी चहाचा खप वाढावा म्हणून देशभर प्रचार चालला होता. रेल्वे स्थानकांवर चहाचे फलक झळकत असत. परंतु फलक पुष्कळ लागले म्हणून चहा घरोघरी पोहोचला, असे म्हणता येत नाही. फलक विक्रेत्याची इच्छा सांगतो. घरातील वस्तुस्थिती घरी जाऊनच कळते. १९३९ साली प्रशांतचंद्रांनी कलकत्त्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांत चहा पिण्याची पाहणी केली. कुटुंबांचा घरखर्च आणि लोकमत यांविषयीही त्यांच्या संस्थेने पाहण्या केल्या. लोक काय विकत घेतात आणि कोणत्या गोष्टीविषयी काय म्हणतात, हे मोठ्या आवाजावरून न ठरविता मोजून ठरवावे, हा धडा या पाहण्यांनी दिला.

१९४३ साली बंगालवर भीषण दुष्काळ ओढवला आणि लाखो माणसे अन्नावाचून व रोगराईने मेली. त्यानंतर प्रशांतचंद्र आणि त्यांचे सहकारी यांनी खेड्यांतील हजारो कुटुंबांची पाहणी केली. कोणी जमीन विकली, कोणी बैल विकले, कोण भिकेला लागले, याच्या नोंदी झाल्या. त्या आकड्यांच्या प्रत्येक ओळीमागे एकेक उद्ध्वस्त घर होते.

देश स्वतंत्र झाल्यावर या विद्येचे क्षेत्र विशाल झाले. १९४९ साली सरकारने नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे प्रशांतचंद्र अध्यक्ष होते. पुण्याचे धनंजयराव गाडगीळ हेही त्या समितीत होते. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणीला आरंभ झाला. निवडलेल्या खेड्यांत जाऊन पाहणीदार कुटुंबप्रमुखाला विचारीत: धान्य किती लागले, मीठ, तेल, कापड यांवर किती खर्च झाला? भाषा निराळ्या, मापे निराळी; तरीही नोंदी होत गेल्या.

येथे एक नवीनच अडचण होती. उंचीप्रमाणे खर्चाची घंटाकृती होत नाही. थोड्या घरांचा खर्च फार मोठा असतो आणि पुष्कळ घरांचा अगदी बेताचा. अशा वेळी नुसती सरासरी काढली, तर गरिबाची भाकरी श्रीमंताच्या पक्वान्नामागे झाकली जाते. म्हणून सर्वांत गरीब कुटुंबापासून सर्वांत श्रीमंत कुटुंबापर्यंत क्रम लावून त्यांचे समान गट पाडावेत आणि प्रत्येक गटाचे चित्र निरनिराळे काढावे, अशी पद्धत प्रशांतचंद्रांनी मांडली. नमुना पाहणीतील खर्चाच्या आकड्यांच्या आधारेच १९७१ साली पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा सुप्रसिद्ध अभ्यास प्रसिद्ध केला.

प्रशांतचंद्रांच्या सर्वच मतांना मान्यता मिळाली, असे मात्र नाही. पिकाचा उतारा मोजण्यासाठी शेतातील अगदी लहान तुकडा कापावा, असे ते म्हणत. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी यावर आक्षेप घेतला. तुकडा लहान असला, की सीमेवरची रोपे आत ओढली जातात आणि उतारा फुगतो, हे सुखात्म्यांनी प्रयोगांनी दाखविले. वाद पुष्कळ दिवस चालला. त्या वादातून देशाला मोजमापाच्या अधिक काटेकोर रीती लाभल्या.

१९५६ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा मुख्यतः प्रशांतचंद्रांच्या विचारांवर उभा होता. त्याच वर्षी त्यांच्या संस्थेत भारतातील पहिला अंकीय संगणक आला. १९४५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्वाचा मान दिला होता. १९६८ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले. अखेरपर्यंत ते कामात मग्न होते. २८ जून १९७२ रोजी, वयाच्या एकोणऐंशी वर्षांना एक दिवस उरला असताना, त्यांची प्राणज्योत मालवली. २००७ सालापासून २९ जून हा त्यांचा जन्मदिवस देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

आकडे रुक्ष असतात, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु ज्या देशात कोणाच्या घरी किती अन्न शिजते हेच ठाऊक नाही, तेथे भुकेल्याची दादही लागत नाही. प्रशांतचंद्रांनी जे मोजले ते प्रामाणिकपणे मोजले, आणि आपल्या मोजणीत चूक किती असू शकेल तेही सांगितले. दूरच्या खेड्यातील एका गरीब घराची नोंद देशाच्या हिशेबात यावी, यासाठी त्यांनी आपले आयुष्य वेचले.